नॉर्स लोकांचें हरपलेलें गाणें

सुमारें एक हजार वर्षांपूर्वींची गोष्ट. ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकाजवळ हेर्योल्फस्नेस नांवाच्या वस्तींत त्या वर्षीं मोठा दुष्काळ पडला होता. शिकारीस गेलेलीं माणसें रिकाम्या हातीं परतत, कांहीं परतलींच नाहींत. हे दिवस कधीं सरतील हें विचारण्यासाठीं गांवांतील प्रमुख शेतकऱ्यानें थोरब्यर्ग नांवाच्या भविष्यवादिनीस घरीं बोलाविलें. निळा झगा, काळ्या कोंकराच्या कातड्याची टोपी, मांजराच्या कातड्याचे हातमोजे आणि हातांत पितळी मुठीची काठी, अशा थाटांत ती आली. दुसऱ्या दिवशीं विधीची तयारी झाल्यावर तिनें एकच मागणी केली : आत्म्यांना बोलावणारें 'वार्डलोकुर' नांवाचें गाणें ज्या स्त्रियांना येत असेल त्यांनीं तें म्हणावें. साऱ्या वस्तींत तें कोणाला येईना. अखेर गुद्रिड नांवाची एक तरुणी म्हणाली, कीं आपण मांत्रिक नाहीं, परंतु लहानपणीं आइसलंडांत हाल्दीस या आपल्या पालक आईनें हें गाणें शिकविलें होतें. मात्र आपण ख्रिस्ती असल्यामुळें अशा विधींत भाग घेणें आपणांस उचित वाटत नाहीं. यजमानानें फार आग्रह केला. स्त्रियांनीं कडें केलें, थोरब्यर्ग उंच आसनावर बसली आणि गुद्रिड गायिली. इतकें सुंदर गाणें आजवर कोणाच्या कानीं पडलें नव्हतें, असें तेथें जमलेल्या सर्वांस वाटलें.

ही हकीकत 'तांबड्या एरिकची सागा' या आइसलंडी ग्रंथांत आली आहे. ग्रंथ तेराव्या शतकांतला, म्हणजे घटनेनंतर दोनशें वर्षांहून अधिक काळानें लिहिलेला. तरीहि भविष्यवादिनीच्या टोपीचें अस्तर पांढऱ्या मांजराच्या कातड्याचें होतें, तिला करडांच्या दुधाची लापशी वाढली होती, येथपर्यंतचा तपशील सागाकारानें नोंदविला आहे. ज्या गाण्यासाठीं हा सारा प्रपंच झाला, त्याचा एक शब्द किंवा त्याची चाल मात्र त्यानें सांगितलेली नाहीं. गाणें सुंदर होतें, एवढेंच काय तें उरलें.

उत्तर युरोपच्या प्राचीन संगीताची सगळी स्थिति या एका प्रसंगांत सामावली आहे. गेल्या वीसपंचवीस वर्षांत नॉर्वे, डेन्मार्क व शेजारच्या देशांतील कांहीं कलावंतांनीं तें हरपलेलें संगीत पुन्हा उभें करण्याचा उद्योग आरंभिला असून, 'डार्क फोक' म्हणजे काळोख्या, गूढगंभीर वळणाचें लोकसंगीत या नांवानें त्याचा जगभर बोलबाला झाला आहे. जें कोणीं लिहून ठेवलें नाहीं आणि ज्याचा शेवटचा गायक केव्हांच मातीआड गेला, तें पुन्हा गातां येतें काय, आणि येत असल्यास तें कोणाचें म्हणावें, हा प्रश्न त्यामुळें उभा राहिला आहे.

नॉर्स म्हणजे आजच्या नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या देशांत आणि तेथून आइसलंड-ग्रीनलंडपर्यंत पसरलेल्या वसाहतींत राहणारे लोक. आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत समुद्रावर दरारा बसविणारे व्हायकिंग अशी त्यांची इतिहासांतील मुख्य ओळख. पण लुटीला जाणारे थोडे आणि शेती, मासेमारी व व्यापार करणारे पुष्कळ, अशीच खरी वस्तुस्थिति होती. ओडिन, थोर, फ्रेय हीं त्यांचीं दैवतें. रून नांवाची त्यांची लिपि होती; परंतु ती लांकडावर, हाडावर व दगडावर कोरण्याची असल्यामुळें तींतले लेख बहुधा आंखूड असत : मृताचें नांव, मालकाचें नांव, एखादा मंत्र. ग्रंथलेखनाची कला उत्तरेंत ख्रिस्ती धर्माबरोबर आली. आइसलंडच्या लोकसभेनें इ. स. १००० च्या सुमारास नवा धर्म स्वीकारला. या धर्माबरोबर स्वरलेखनहि आलें, पण तें चर्चमधील लॅटिन स्तोत्रांसाठीं. जुन्या देवांचीं काव्यें ज्या हस्तलिखितामुळें मुख्यत्वें वांचलीं, तें 'कोडेक्स रेगियस' इ. स. १२७० च्या सुमारास आइसलंडांत लिहिलें गेलें. १६४३ मध्यें तें एका बिशपाच्या हातीं लागलें, १६६२ मध्यें डेन्मार्कच्या राजाकडे गेलें आणि १९७१ मध्यें डॅनिश युद्धनौकेवरून सन्मानानें आइसलंडला परत आलें. त्याचीं ४५ पानें आज शिल्लक आहेत. त्यांतील एकाहि ओळीवर स्वरचिन्ह नाहीं.

परक्या प्रवाशांचे कान तरी कामीं यावेत, तर तेथेंहि निराशाच पदरीं येते. स्पेनमधील तोर्तोसा येथील इब्राहीम इब्न याकूब हा प्रवासी इ. स. ९६५ च्या सुमारास हेडेबी या नॉर्स व्यापारी नगरास गेला होता. तेथील लोकांच्या गाण्याइतकें वाईट गाणें आपण कधीं ऐकलें नाहीं. तो घशांतून निघणारा गुरगुराट असून कुत्र्यांच्या भुंकण्यापेक्षांहि रानटी वाटतो, अशा अर्थाचा अभिप्राय त्यानें देऊन ठेवला आहे. गुद्रिडच्या गाण्यानें भारावलेले श्रोते एकीकडे आणि हा त्रासलेला पाहुणा दुसरीकडे. दोघांच्याहि साक्षींतून गाणाऱ्यांपेक्षां ऐकणाऱ्यांचीच ओळख अधिक होते.

मग उरतात त्या मातींतून निघालेल्या वस्तु. नॉर्वेंतील ओसेबर्ग येथें १९०४ मध्यें एक सबंध जहाज उकरून काढण्यांत आलें. इ. स. ८३४ मध्यें दोन स्त्रियांचें दफन त्यांत झालें होतें. त्या जहाजांत सुमारें एक मीटर लांबीचा लांकडी कर्णा सांपडला. इंग्लंडांतील यॉर्क हें एके काळीं व्हायकिंगांच्या ताब्यांत असलेलें शहर. तेथील उत्खननांत १९७६ मध्यें दहाव्या शतकांतला लांकडी पांवा मिळाला. एकाच फळींत ओळीनें भोंकें पाडलेला हा पांवा फुंकला असतां त्यांतून आजहि पांच स्वर निघतात. स्वीडनच्या गोटलंड बेटावर ब्रोआ येथें एका तंतुवाद्याची अंबराची घोडी सांपडली. वाद्य कुजून गेलें, तारा गेल्या, घोडी राहिली.

हें वाद्य म्हणजे लायर. लांकडी पेटीवर उभी चौकट, तीवर पांचसहा तारा, मांडीवर धरून बोटांनीं छेडावयाची, असें त्याचें स्वरूप. जर्मनींतील ट्रॉसिंगेन येथील एका थडग्यांत इ. स. ५८० च्या सुमारासचें सहा तारांचें लायर जवळजवळ अभंग निघाल्यामुळें त्याची बांधणी आज निश्चित माहीत आहे. परंतु असें भाग्य क्वचितच लाभतें. इंग्लंडांतील सटन हू येथें १९३९ मध्यें सातव्या शतकांतील एका राजदफनांतून वाद्याचे तुकडे मिळाले. प्रथम त्या तुकड्यांची एक लहान हार्प जुळविण्यांत आली. पुढें अधिक विचार झाल्यावर १९७० च्या सुमारास त्याच तुकड्यांचें लायर बनलें. तुकडे तेच, संग्रहालय तेंच, पण एका पिढीनें एक वाद्य ऐकलें व दुसरीनें दुसरें. वाद्याच्या आकाराविषयीं जर अशी फसगत होऊं शकते, तर त्यावर काय वाजत असे याविषयीं किती सावधपणें बोलावें लागेल हें उघड आहे.

लायर कसें धरीत हें सांगणारें एक चित्र मात्र उरलें आहे आणि त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. गुन्नार हा नॉर्स वीरकथांतील राजा. शत्रूनें हात बांधून त्याला सर्पांच्या खड्ड्यांत टाकलें, तेव्हां त्यानें पायांच्या बोटांनीं तंतुवाद्य वाजवून सर्पांना झोंपविलें, अशी कथा आहे. नॉर्वेंतील हिलेस्टाड येथील लांकडी चर्चच्या दरवाजावर बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभीं हा प्रसंग कोरला गेला. चर्च पुढें पाडलें गेलें. दरवाजाच्या कोरीव फळ्या ऑस्लोच्या संग्रहालयांत आहेत. जुन्या धर्माच्या काळांतील वीर आणि त्याचें वाद्य टिकलें तें नव्या धर्माच्या मंदिराच्या दारावर, ही गोष्ट पुढें पुन्हा आठवावी लागेल.

स्वरलिपींत लिहिलेलें सर्वांत जुनें लौकिक गीत उत्तरेंत मिळतें तें इ. स. १३०० च्या सुमारासचें. 'कोडेक्स रूनिकस' हा कायद्याचा ग्रंथ सबंध रून लिपींत लिहिलेला असून त्याच्या शेवटच्या पानावर एका स्वप्नाविषयींचें लहानसें गीत स्वरांसह दिलें आहे. डेन्मार्कच्या नभोवाणीनें कार्यक्रमांच्या मधल्या विरामांत वाजविण्यासाठीं याच गीताची सुरावट निवडली, आणि त्यामुळें तेथील घरोघरीं ती ओळखीची झाली. पण हें गीत ख्रिस्ती मध्ययुगांतलें आहे. ओडिनच्या उपासकांचें नव्हे. यानंतर थेट १७८० मध्यें ला बोर्द या फ्रेंच लेखकानें आपल्या संगीतविषयक बृहद्ग्रंथांत पांच आइसलंडी चाली छापल्या. कोपनहेगनमधील हार्टमान नांवाच्या संगीतकारानें त्या त्यास मिळवून दिल्या होत्या. त्यांपैकीं कांहीं चालींवर 'व्होलुस्पा' व 'हावामाल' या प्राचीन काव्यांचे श्लोक बसविलेले आहेत. काव्य जुनें खरें, पण चाल किती जुनी हें ठरविण्यास साधन नाहीं.

जिवंत परंपरेचा धागा जर कोठें असेल तर तो आइसलंडांतच. तेथें चौदाव्या शतकापासून 'रीमुर' नांवाचीं दीर्घ कथाकाव्यें एका विशिष्ट पद्धतीनें गाण्याची चाल होती. हिवाळ्याच्या लांबच लांब रात्रीं शेतघरांतील मंडळी लोंकर पिंजीत व विणीत बसत आणि एक जण मधोमध बसून वीरकथा आळवी. दोन आवाजांनीं पंचमाचें अंतर राखून बरोबर चालण्याची आणखी एक जुनी रीत तेथें होती. ब्यार्नी थोरस्टाइन्सन या खेड्यांतील धर्मोपदेशकानें अशा गाण्यांचा सुमारें हजार पानांचा संग्रह १९०६ ते १९०९ या काळांत प्रसिद्ध केला. गांवें ओस पडून माणसें रेक्याविक शहरांत येऊं लागलीं, तेव्हां तेथें स्थायिक झालेल्या गायकांनीं १९२९ मध्यें 'इदुन' नांवाची मंडळी स्थापिली व १९३५-३६ मध्यें दोनशें चाली तबकड्यांवर मुद्रित करून ठेवल्या. वेळ अगदीं योग्य साधली होती. १९३० च्या अखेरीस आइसलंडांत नभोवाणी सुरूं झाली होती, आणि शेतघरांत मधोमध बसून गाणाऱ्याची जागा हळूहळू त्या पेटीनें घेतली.

हीच परंपरा स्वेन्ब्यर्न बेन्तेन्सॉन या शेतकरी कवीनें पुढें चालविली. १९२४ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थानें १९७२ मध्यें जुन्या दैवतांच्या उपासकांचा संघ स्थापिला आणि १९८२ मध्यें रीमुरच्या ढंगानें गायिलेल्या प्राचीन काव्यांची ध्वनिमुद्रिका काढली. नुसता म्हाताऱ्या माणसाचा आवाज. साथीला कांहीं नाहीं. पुढें २००२ मध्यें सिगुर रोस हा प्रसिद्ध आइसलंडी वाद्यवृंद, हिल्मार अर्न हिल्मार्सन हा संगीतकार आणि इदुन मंडळीचा गायक स्टेन्डोर अँडरसन यांनीं मिळून 'ओडिनच्या कावळ्यांची जादू' या अर्थाच्या नांवाचें काव्य भव्य वाद्यमेळासह सादर केलें. त्यांत दगडाच्या पट्ट्यांचें एक वाद्यहि मुद्दाम बनवून वाजविलें होतें. गंमत अशी, कीं हें काव्य मध्ययुगांतलें नसून सतराव्या शतकाच्या सुमारास कोणा विद्वानानें जुन्या धर्तीवर रचलें असावें, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे पुनरुज्जीवनाचा छंद कांहीं आजचा नव्हे.

या छंदाला इतिहासांत एक भयंकर बाजूहि आहे. एकोणिसाव्या शतकांत प्रत्येक राष्ट्र आपल्या पूर्वजांच्या शोधांत निघालें. डेन्मार्कमध्यें १७९७ सालीं एका दलदलींत कांशाचे सहा मोठे वळणदार कर्णे सांपडले होते. ते व्हायकिंगांच्या पूर्वीं हजारांहून अधिक वर्षें आधींचे, तरीहि राष्ट्राभिमानाच्या भरांत त्यांची गणना सरसकट पूर्वजांच्या वैभवांत होऊं लागली. पुढें १९०१ मध्यें तर डॅनिश लोण्यावरहि त्यांचा छाप बसला. जर्मनींत वाग्नेरनें नॉर्स कथांवर रचलेलें चार संगीत नाटकांचें चक्र १८७६ मध्यें बायरॉइट येथें रंगभूमीवर आलें. त्यांतील पात्रांना वेषकारानें शिंगांचीं शिरस्त्राणें घातलीं. खऱ्या व्हायकिंगांनीं तसलीं शिरस्त्राणें घातल्याचा पुरावा नाहीं. परंतु तेव्हांपासून आजतागायत जगाच्या डोळ्यांपुढील व्हायकिंगाचीं शिंगें कांहीं गळून पडलेलीं नाहींत. लोण्याचा छाप आणि नाटकी शिंगें यांनीं कोणाचें नुकसान झालें नाहीं. पण १९३५ मध्यें हिमलरनें पूर्वजांच्या संशोधनासाठीं म्हणून जी संस्था उभारली, तिनें याच वारशाला वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा बनविलें. नाझींच्या काळ्या पथकाच्या गळपट्टीवर रून अक्षरें आलीं. नॉर्वेंत क्विस्लिंगच्या देशद्रोही पक्षानें बोरे येथील प्राचीन राजांच्या थडग्यांपाशीं मेळावे भरविले. १९४० ते १९४५ या पांच वर्षांच्या परदास्यानंतर नॉर्वेच्या सामान्य माणसाला आपल्याच पूर्वजांच्या चिन्हांकडे मोकळ्या मनानें पाहणें कठीण होऊन बसलें.

अशा डागाळलेल्या वारशाला पुन्हा हात घालणारे तरुण आले ते फार निराळ्या दिशेनें. १९९० च्या सुमारास नॉर्वेंत 'ब्लॅक मेटल' या नांवाचें कर्कश, विद्युत्-गिटारींचें, ख्रिस्ती धर्माशीं उघड वैर मांडणारें संगीत फोफावलें. त्या वर्तुळांतील कांहींची मजल चर्चें जाळण्यापर्यंत गेली. ६ जून १९९२ च्या पहाटे बर्गेन शहराजवळील फांटोफ्टचें बाराव्या शतकांतलें लांकडी चर्च जळून भस्म झालें. परक्या धर्मानें आमचा पूर्वजधर्म बुडविला, असा या मंडळींचा आक्रोश होता. परंतु गुन्नारचें वाद्य ज्या दरवाजावर टिकून राहिलें तें असल्याच एका चर्चचें दार होतें. पूर्वजांच्या प्रेमापोटीं पूर्वजांच्याच हातचें काम राख झालें. फांटोफ्टचें चर्च १९९७ मध्यें पुन्हा बांधण्यांत आलें. लांकूड मात्र नवें.

त्याच बर्गेनमध्यें ब्लॅक मेटलच्या एका वाद्यवृंदांत नगारे वाजविणाऱ्या आयनार सेल्विक यानें २००३ मध्यें 'वार्डरूना' या नांवाचा नवा उपक्रम सुरूं केला. त्याच्याबरोबर क्रिस्तियान एस्पेडाल हा गायक व लिंडी-फाय हेला ही गायिका होती. नांवाचा अर्थ साधारणपणें गुह्याचा किंवा रूनांचा रक्षक असा. जुन्या रूनमालेंतील चोवीस अक्षरांपैकीं प्रत्येकाला एकेक गीत, अशी योजना त्यानें आंखली आणि २००९, २०१३ व २०१६ मध्यें निघालेल्या तीन ध्वनिमुद्रिकांत ती पुरी केली. त्यासाठीं तो लायर, शेळीच्या शिंगाचा पांवा व घोड्याच्या केंसांच्या तारांचें वाद्य शिकला. पाण्याच्या अक्षराचें गीत मुद्रित करतांना तो वाहत्या पाण्यांत उभा राहिला. २००९ मध्यें ऑस्लोच्या संग्रहालयांत हजार वर्षांच्या जुन्या गोकस्टाड जहाजापुढें वार्डरूनाचें गायन झालें. पुढें 'व्हायकिंग्ज' या दूरचित्रवाणीवरील मालिकेनें हें संगीत जगभर पोंचविलें. नॉर्वेच्या राज्यघटनेला २०१४ मध्यें दोनशें वर्षें झालीं, त्या निमित्तानें सेल्विक व इव्हार ब्यर्नसन यांच्याकडून एक मोठी संगीतरचना करवून घेण्यांत आली. आपण कोणत्याहि एका काळचें संगीत जसेंच्या तसें पुन्हा घडवीत नाहीं, जुन्या साधनांतून नवें निर्माण करतों, असें सेल्विकनें वारंवार सांगितलें आहे.

२०१४ मध्यें डेन्मार्कमध्यें 'हायलुंग' हा दुसरा गट निघाला. जर्मन भाषेंत या शब्दाचा अर्थ बरें करणें. एक डेन, एक जर्मन व एक नॉर्वेजियन स्त्री असे त्याचे तीन प्रमुख. त्यांचा कार्यक्रम म्हणजे जणूं एक विधीच : धूप, हरणांचीं शिंगें, भाले व ढाली यांचा ताल, जुन्या रूनलेखांतील शब्दांचें घोषपूर्वक उच्चारण, आणि या सर्वांवर तरंगणारा स्त्रीचा उंच स्वर. हा उंच स्वर डोंगरांतील कुरणांवर गुरांना हांक घालणाऱ्या स्वीडन-नॉर्वेच्या गवळणींच्या गाण्याची आठवण करून देतो. ती हांक खरोखर परंपरेनें चालत आलेली आहे.

हजारों श्रोते जमवून भारून टाकणाऱ्या या संगीतांत प्राचीन किती? पारखून पाहिलें असतां उत्तर चमत्कारिक येतें. ज्या खरखरीत, घुमणाऱ्या तंतुवाद्यानें हें संगीत चटकन ओळखूं येतें, तें गजानें वाजविलें जातें. गज उत्तर युरोपांत पोंचला तो व्हायकिंग काळ संपत आल्यावर. गजाच्या लायरचें नॉर्वेंतील प्रसिद्ध शिल्प ट्रोंडहाइमच्या कॅथीड्रलमध्यें आहे व तें चौदाव्या शतकांतलें. हें वाद्य विसाव्या शतकापर्यंत टिकलें तें एस्टोनियाच्या किनाऱ्यावरील वोर्म्सी बेटांत व आसपास राहणाऱ्या स्वीडिशभाषी शेतकऱ्यांच्या घरीं. तेथेंहि १८७० च्या दशकांत धर्मोपदेशाची लाट आली, तेव्हां नाचगाणें पाप ठरून पुष्कळ वाद्यें चुलींत गेलीं. ओटो अँडरसन या फिनलंडमधील विद्वानानें विसाव्या शतकाच्या आरंभीं उरलेल्या वादकांना गांठून त्यांची वादनरीत नोंदविली आणि १९२३ मध्यें तीवर ग्रंथ लिहिला. १९४४ मध्यें युद्धाच्या धामधुमींत हे शेतकरी बहुतेक सारे स्वीडनला पळून गेले. आज व्हायकिंगांचा आवाज म्हणून जो वाखाणला जातो, तो वास्तविक या गरीब बेटवासीयांचा आवाज आहे. तसेंच खोल घशांतून काढलेल्या दुहेरी स्वरांचें. ती कला मंगोलिया व तुवा या प्रदेशांत नांवारूपास आलेली आहे. नॉर्स ग्रंथांत तिचा पत्ता नाहीं. त्रासलेल्या इब्राहीमच्या अभिप्रायावर तिचा भार टाकणें हा केवळ तर्क होय.

सर्वांत अवघड प्रश्न आहे डफासारख्या ढोलाचा. त्याच्या तालावांचून हें संगीत उभें राहत नाहीं. परंतु व्हायकिंग काळांतील एकहि ढोल स्कँडिनेव्हियांत सांपडलेला नाहीं. उत्तरेंत खात्रीनें ढोल बाळगणारे होते ते नॉर्स नव्हेत, तर त्यांचे शेजारी सामी लोक. त्यांचे पुरोहित चित्रांकित ढोलाच्या साह्यानें देवतांशीं संवाद साधीत. सतराव्या-अठराव्या शतकांत मिशनऱ्यांनीं व सरकारी अंमलदारांनीं हे ढोल हिसकावून घेतले. टोमास फॉन वेस्टेन या मिशनऱ्यानें कोपनहेगनला पाठविलेले बहुतेक ढोल १७२८ च्या आगींत नष्ट झाले. आन्देर्स पौल्सेन या वृद्ध सामीवर १६९२ मध्यें जादूटोण्याचा खटला चालला. निकाल लागण्यापूर्वींच कोठडींत त्याचा खून झाला. त्याचा ढोल डेन्मार्कच्या संग्रहालयांत जाऊन पडला होता. नॉर्वेंतील कारास्योक येथील सामी संग्रहालयास तो मालकीहक्कानें परत मिळाला तो २०२२ मध्यें, म्हणजे तीनशें तीस वर्षांनीं. ज्यांचा ढोल हिरावला त्यांचें नांव न घेतां तोच ताल व्हायकिंगांचा म्हणून विकला जाणें, ही इतिहासाची दुसरी जप्ती ठरेल.

याचा अर्थ हें सारें संगीत खोटें, असा मात्र घेणें योग्य नाहीं. स्वीडनमधील कायसा लुंड या विदुषीनें प्राचीन नादसाधनांचा अभ्यास करतांना एक चांगला दंडक घालून दिला. सांपडलेली वस्तु निश्चितपणें वाद्यच आहे, बहुधा असावी, कीं असण्याची केवळ शक्यता आहे, अशा पायऱ्या लावून तिनें त्यांचें वर्गीकरण केलें, आणि मगच त्या वाजवून त्यांचें ध्वनिमुद्रण केलें. संशोधकाला हा दंडक सोपा असतो, कलावंताला अवघड; कारण रंगमंचावर 'बहुधा' हा शब्द गातां येत नाहीं. पण गाण्याबाहेर तो उच्चारतां येतो. कोणतें अंग उत्खननांतून आलें, कोणतें बेटावरच्या शेतकऱ्याकडून, कोणतें सामींकडून आणि कोणतें स्वतःच्या कल्पनेंतून, हें जो सांगतो त्याच्या हातीं वारसा सुरक्षित राहतो. जो सर्वांवर एकाच पूर्वजाचा शिक्का मारतो, त्याच्या शेजारीं बोरेच्या थडग्यांवरील मेळावेवाले येऊन उभे राहण्यास वेळ लागत नाहीं. या कलावंतांपैकीं अनेकांनीं वंशाभिमान्यांना जाहीरपणें दूर लोटलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

अखेर पुन्हा त्या ग्रीनलंडच्या घराकडे वळावें. गाणें आईकडून मुलीकडे आलें होतें, तेंहि सख्ख्या आईकडून नव्हे. जिच्या ओठीं तें टिकलें तिचा त्या जुन्या देवांवर विश्वास उरला नव्हता. पूर्वजांच्या कीर्तीसाठीं ती गायिली नाहीं; उपाशी शेजाऱ्यांना धीर यावा म्हणून, संकोच बाजूस सारून गायिली. पुढें हीच गुद्रिड पतीसह अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेली, आणि उतारवयांत जोगीण होऊन आइसलंडांत राहिली. तें गाणें तिनें पुन्हा कधीं म्हटलें किंवा कोणाला शिकविलें कीं नाहीं, याविषयीं सागा मौन पाळते. ज्यांनीं तें ऐकलें त्यांच्यापैकीं कोणालाहि तें येत नव्हतें, आणि तरीहि तें ऐकण्यासाठीं सारे कडें करून उभे राहिले. आज ऑस्लोच्या संग्रहालयांत किंवा एखाद्या मोकळ्या डोंगरउतारावर जमणारे श्रोतेहि त्याच कड्यांत येऊन उभे आहेत. मधली जागा अजून रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हें ओळखूनच जो तेथें गाण्यास उभा राहील, त्याच्या सुरांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.